रस्ता चढला, उंबरा बुडाला

आमच्या गांवांत कुंभारआळी म्हणून एक आळी आहे. आम्ही लहान होतों तेव्हां त्या आळींतल्या घरांत शिरायचें तर रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावें लागे. आज त्याच घरांत शिरायचें तर एक पायरी उतरून जावें लागतें. घर जागचें हाललें नाहीं, पाया खचला नाहीं, भिंत बसली नाहीं. मग हा चमत्कार झाला कसा? चमत्कार कांहीं नाहीं. रस्ता चढला. दर चारपांच वर्षांनीं कोणी तरी यावें, नारळ फोडावा, जुन्या रस्त्यावर नवी खडी पसरावी, खडीवर डांबर ओतावें, फोटो काढावा आणि निघून जावें. असें चार वेळां झालें आणि रस्ता उंबऱ्याच्या वर गेला.

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं मोठी सर आली. रस्त्यावरचें सारें पाणी आळींतल्या घरांत शिरलें. एका कुंभाराच्या पडवींत पोळ्यासाठीं केलेले मातीचे बैल आणि नवरात्राचे घट सुकत ठेवले होते. भट्टी अजून लागायची होती. कच्चें मडकें म्हणजे शेवटीं मातीच. सकाळीं पाहतात तों पडवीभर चिखल! बायकोपोरांसह महिना-दीड महिना केलेली मेहनत एका रात्रींत वाहून गेली. तो बिचारा कचेरींत गेला. तेथें त्यास उत्तर मिळालें, "तुझें घर सखल जागेंत आहे, त्यास आम्ही काय करणार?"

वाचकहो, हें उत्तर नीट ध्यानांत घ्या. घर तीन पिढ्या तेथेंच उभें आहे. रस्ता वर चढविला दुसऱ्यानें, त्याचें बिल घेतलें तिसऱ्यानें, आणि सखल ठरलें तें मात्र कुंभाराचें घर! गरिबाच्या बाबतींत न्याय हा असा चालतो. म्हणून आज आम्ही रस्त्याविषयीं चार शब्द लिहिणार आहों. हा विषय इंजिनियरांचा आहे, तुम्हांआम्हांस त्यांतलें काय कळतें, असें कोणी म्हणेल. पण ज्यास नांगराची खोली कळते, विहिरीचा झरा कळतो, भात्याचा ताव कळतो, त्यास रस्ता कळणार नाहीं हें आम्हांस पटत नाहीं. न कळेल अशी तजवीज मात्र पुष्कळांनीं करून ठेवली आहे.

प्रथम चढण्याचा हिशेब पाहूं. खेड्यांतल्या रस्त्याचें 'मजबुतीकरण व डांबरीकरण' म्हणून जें काम निघतें, त्यांत बहुधा ७५ मिलिमीटर खडीचा एक थर आणि त्यावर २० मिलिमीटरचें डांबरी कारपेट असतें. दोन्ही मिळून ९५ मिलिमीटर झाले, म्हणजे पावणेचार इंच. असें काम चार वेळां झालें कीं ३८० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फूट उंची वाढली. गांवठाणांतल्या घराचें जोतें तें किती? दीड नाहींतर दोन फूट. पंधरावीस वर्षांत रस्त्यानें तें गिळलें. ज्याच्या गांठीं पैसा आहे तो घर पाडून वर बांधतो. ज्याच्या गांठीं नाहीं तो उंबऱ्यापाशीं मातीचा बांध घालतो आणि रात्रभर बादलीनें पाणी उपसतो.

आतां रस्ता बिघडतो कां, तें पाहूं. खड्डे पावसानें पडतात असें साहेब सांगतात, आणि आपणही मान डोलावतों, जणूं पाऊस ही कोणा शत्रूची स्वारी आहे! पाऊस दरसाल येतो हें आपल्या बैलांसही ठाऊक आहे. खरी गोष्ट अशी कीं, डांबर आणि खडी यांच्यांत पाणी शिरलें कीं डांबर दगडाला सोडूं लागतें. वरून गाडीचें चाक गेलें कीं तें पाणी पिचकारीप्रमाणें दाबलें जातें आणि आंतला दगड सुटा होतो. एक दगड निघाला कीं शेजारच्याचा आधार जातो. आज वाटीएवढा असलेला खड्डा महिन्यानें परातीएवढा होतो. त्याच्याही खालीं जर आपली काळी माती असेल तर विचारूंच नका. काळी माती ओली झाली कीं फुगते, वाळली कीं भेगाळते. उन्हाळ्यांत ज्या शेताच्या भेगेंत हात जातो, त्याच मातीवर मुरुमाचा पुरेसा थर न घालतां रस्ता केला तर तो टिकेल कसा?

म्हणून रस्त्याचें पहिलें औषध डांबर नव्हे, पाण्याला वाट हें आहे. रस्त्याचा मध्य कडेपेक्षां उंच असावा लागतो. पावणेचार मीटर रुंदीच्या गांवरस्त्याला मध्यभागीं सुमारें ५ सेंटीमीटर उंची असली म्हणजे पाणी कडेला पळतें. कडेला साइडपट्टी त्याहून अधिक उतरती हवी आणि पट्टीच्या पलीकडे गटार हवें. गटाराला मोरी हवी आणि मोरीला तोंड मोकळें हवें. इतकें असलें तर साधा रस्ताही टिकतो. इतकें नसलें तर वर सोन्याचा पत्रा ठोकला तरी तो उखडणार. आमच्या गांवच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकांत गटार असतें. मोजमापाच्या पुस्तकांतही तें असतें. फक्त जमिनीवर तें कोठें दिसत नाहीं!

येथें आपलेंही कांहीं चुकतें, तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शेतांत बैलगाडी नाहींतर ट्रॅक्टर उतरवायचा म्हणून गटार बुजवतों ते आपणच. नळी घालून वर भराव टाकण्याचे श्रम आपल्याला नकोत. गटाराच्या तोंडावर उकिरडा लावतों ते आपणच. पाइपलाइन न्यायची म्हणून रात्रींत रस्ता आडवा खोदतों, आणि नंतर दोन घमेलीं माती लोटून मोकळे होतों, तेही आपणच. उसाला दिलेलें पाणी बांध फुटून रस्त्यावर आलें तर तें कोणाचें? सरकारचें तर नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें मुसळ दाखविण्यापूर्वीं आपल्या दारची मोरी मोकळी केली पाहिजे, म्हणजे आपल्या बोलण्यास वजन येईल.

वजनाची गोष्ट निघाली म्हणून ओझ्याचेंही बोलूं. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरविले आणि रस्ता कशानें किती झिजतो तें मोजलें. त्यांतून निघालें तें असें कीं, आंसावरचें ओझें दुप्पट झालें तर रस्त्याची खराबी दुप्पट होत नाहीं, सुमारें सोळापट होते. यावरून पाहा, आपली सायकल, फटफटी, दुधाचे कॅन नेणारा, बाजारकरीण बाई, यांनीं रस्त्याचें कांहीं बिघडत नाहीं. रस्ता मोडतो तो वाळूच्या आणि खडीच्या डंपरनें. त्यांतून २०१८ सालीं सरकारनें चार चाकांच्या एका आंसावरचें कायदेशीर ओझें १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेलें. वरचा हिशेब लावला तर तेवढ्यानेंच रस्त्यावरचा मार दीडपटीहून अधिक झाला. रस्ता मात्र होता तोच राहिला. बरें, हें झालें कायद्यांतलें ओझें. रात्रीं अंधारांत जें जातें त्याचा कांटा कोण करतो? उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपलाच आहे हेंही खरें. पण ऊस कारखान्याचा होतो, साखर शहराची होते, आणि मोडका रस्ता तेवढा गांवचा राहतो. ज्यांचा धंदा या ओझ्यावर चालतो, त्या कारखान्यांनीं आणि खाणवाल्यांनीं या रस्त्यांच्या दुरुस्तीचा भार उचलावा असें म्हटलें तर त्यांत अन्याय तो कोणता?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जुना रस्ता खराब झाला म्हणजे त्यांतलें सगळें खराब झालें कीं काय? वस्तुस्थिति तशी नाहीं. डांबरी रस्त्याच्या मालांत वजनानें शंभरांत सुमारें ९५ भाग खडी आणि चूर असतो. डांबर पांचाच्या आसपास. यांतलें म्हातारें होतें तें डांबर. हवेनें आणि उन्हानें तें कडक होतें, ठिसूळ होतें, मग तडकतें. खडी म्हातारी होत नाहीं. आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाखो वर्षें ऊनपाऊस खाऊन बसला आहे, तो पांच वर्षांच्या रहदारीनें काय मरणार? आणि डांबर धरून ठेवण्याच्या कामीं हा पाषाण चांगला, हें जाणते लोक सांगतात. असा दगड एकदां फोडून, वाहून, पसरून झाल्यावर त्याच्याच उरावर दुसरा दगड आणून टाकणें म्हणजे घरांत जुनें दाणे भरलेलें कणिंग असतां दारांत नवें विकत आणून ओतण्यासारखें आहे.

जुना रस्ता यंत्रानें वरून खरवडून काढतां येतो. किती खोल खरवडायचें तें ठरवितां येतें. निघालेला माल फोडून, चाळून, त्यांत नवी खडी आणि नवें डांबर योग्य प्रमाणांत मिसळून तोच पुन्हा घालतां येतो. लोहार मोडका फाळ उकिरड्यावर टाकतो काय? तो भट्टींत घालून ताव देतो, थोडें नवें लोखंड जोडतो, आणि फाळ पुन्हा जमिनींत जातो. सोनार जुनी मोड आटवतो. गोधडी शिवणारी आजी जुनें लुगडें टाकून देत नाहीं. जी अक्कल आपल्या प्रत्येक घरांत आहे, तीच रस्त्याला लावा एवढेंच आमचें म्हणणें आहे.

हें आम्ही मनचें सांगत नाहीं. अमेरिकेंत दरसाल नऊ कोटी टनांहून अधिक जुना डांबरी माल नव्या रस्त्यांत पुन्हा घालतात. जपानांत तर उखडलेला डांबरी माल जवळजवळ सगळाच पुन्हा वापरांत येतो. आपल्या देशांतही भारतीय रस्ते काँग्रेस, जी १९३४ सालीं स्थापन झाली, तिनें २०१५ सालीं डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची पद्धत छापून दिली आहे. उत्तर प्रदेशांत ग्रामसडक योजनेखालीं जुना रस्ता जागच्या जागीं पुऱ्या खोलीपर्यंत दळून, त्यांत सिमेंट मिसळून, दाबून, त्याचाच नवा पाया करण्याचीं कामें झालीं आहेत. म्हणजे विद्या आहे, नियम आहे, उदाहरण आहे. नाहीं ती फक्त इच्छा.

इच्छा कां नाहीं? उत्तर सोपें आहे. नवी खडी आली म्हणजे खाणवाल्याचें बिल, वाहतुकीचें बिल, आणि प्रत्येक बिलावर ज्याचा त्याचा टक्का. जुना माल वापरला तर बिल लहान होतें, आणि टक्काही लहान होतो. रस्ता उंच होत जातो त्याचें कारण भूगोलांत नाहीं, हिशेबाच्या वहींत आहे.

आणि ती नवी खडी येते कोठून? आपल्याच डोंगरांतून. ज्या डोंगरावर आपलीं गुरें चरत, जेथून झरा वाहून विहिरीला पाणी येई, तो डोंगर सुरुंगानें उडतो. क्रशरची धूळ कापसावर, डाळिंबावर, पोरांच्या छातींत बसते. डांबराचीही तीच गत. देशाला वर्षाला ८० ते ९० लाख टनांच्या घरांत डांबर लागतें आणि त्यांतला मोठा वांटा परदेशांतून विकत येतो. तें खनिज तेलाचा गाळ आहे. तेल महागलें कीं तेंही महागतें. मग अंदाजपत्रक वाढवून मागतात, किंवा कांहीं न बोलतां डांबर कमी घालतात. दुसरा मार्ग अधिक सोयीचा, कारण काळ्या रंगाखालीं शेंकडा पांच आहे कीं तीन, हें डोळ्यांनीं कळत नाहीं!

प्लास्टिकचेंही पुष्कळ ऐकूं येतें, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. मदुरेच्या त्यागराजर इंजिनियरिंग कॉलेजांतले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनीं टाकाऊ पिशव्यांचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकून तिला प्लास्टिकचा लेप देण्याची युक्ति काढली. लेप बसल्यावर त्यावर डांबर घालतात. पाणी आंत शिरत नाहीं आणि डांबरही थोडें वांचतें. या कामाबद्दल सरकारनें त्यांना २०१८ सालीं पद्मश्री दिली. रस्ते काँग्रेसनें याचे नियम २०१३ सालींच घालून दिले आहेत. युक्ति चांगली आहे. पण वाटेल तें प्लास्टिक चालत नाहीं. पाइपाचें पीव्हीसी तापलें कीं विषारी वायु सुटतो, तें यांत घालायचें नाहीं. आणि ज्या रस्त्याला गटार नाहीं, त्याला प्लास्टिकही तारणार नाहीं. कोणी 'प्लास्टिकचा रस्ता' म्हणून पाटी लावली कीं लगेच टाळ्या वाजवूं नका. आधीं कडेला जाऊन गटार पाहा.

जुन्या मालाच्या बाबतींतही सावध राहिलें पाहिजे. चांगल्या गोष्टीच्या आडून लबाडी करणें ही तर जुनी कला आहे. उद्यां एखादा कंत्राटदार जुना माल घालील आणि बिल नव्याचें लावील. नाहींतर मातीमिश्रित राडारोडा आणून टाकील आणि वर म्हणेल, "हा पुनर्वापर आहे." म्हणून जुना माल चाळलेला असला पाहिजे, त्याची परीक्षा झाली पाहिजे, आणि तो किती घातला तें कागदावर असलें पाहिजे. भट्टींत गरम करून मिसळण्याच्या कामांत शंभरांत १५ ते ३० भाग जुना माल परदेशांत सर्रास घालतात. त्याहून फार वाढवायचा तर कडक झालेलें डांबर मऊ करणारें तेल अथवा मऊ जातीचें डांबर घालावें लागतें, नाहींतर रस्ता लवकर तडकतो. शिळी भाकर कुस्करून खातांना ताक लागतें, तसेंच हें.

बांधण्यापेक्षांही मोठी गोष्ट राखण्याची. दक्षिण आफ्रिकेच्या रस्तेखात्यानें हिशेब केला आहे कीं, वेळच्या वेळीं जी दुरुस्ती एका रुपयांत होते, तीच तीन वर्षें टाळली तर सहा रुपये लागतात, आणि पांच वर्षें टाळली तर अठरा. घराचें कौल सरकलें तर शहाणा मनुष्य त्याच दिवशीं शिडी लावतो. वासा कुजेपर्यंत थांबत नाहीं. आपल्याकडे मात्र कौल सरकवायला पैसा नसतो, आणि अख्खें घर नवें बांधायला असतो. कारण कौल सरकवतांना नारळ फुटत नाहीं आणि फोटो निघत नाहीं.

खड्डा बुजवण्याचीही रीत आहे. खड्ड्याच्या कडा सरळ चौकोनी कापायच्या, आंतली माती व सुटे दगड काढायचे, जागा कोरडी करायची, तळाला आणि कडांना पातळ डांबर लावायचें, मग गरम माल भरून रोलरनें दाबायचा. पावसांत करणें भागच असेल तर त्यासाठीं थंड मिश्रणाचा वेगळा माल मिळतो. आपल्याकडे काय करतात? भर पावसांत ट्रॉलीभर मुरूम आणतात, पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत फावड्यानें लोटतात, आणि पुढें जातात. दुसऱ्या सकाळीं मुरूम शेतांत आणि खड्डा जागेवर! बिल मात्र पक्कें बसतें, तें वाहून जात नाहीं.

पूर्वीं रस्त्यावर मैलकुली असे. एका मैलाचा रस्ता एका माणसाच्या ताब्यांत. फावडें, घमेलें, टिकाव घेऊन तो रोज फिरे. गटारांतला गाळ काढी, साइडपट्टी भरी, लहान खड्डा दिसला कीं त्याच दिवशीं बुजवी. त्याला इंग्रजी येत नसे, पण आपला मैल त्यास तोंडपाठ असे. ती पद्धत मोडत गेली आणि तिच्या जागीं वर्षाकाठीं एकदां निघणारें 'पॅचवर्क'चें टेंडर आलें. आमची स्पष्ट सूचना आहे कीं, प्रत्येक गांवाच्या रस्त्यावर त्याच गांवचा एक तरी कायमचा राखणदार नेमावा. आपल्या वडारवस्तींत पिढ्यानुपिढ्या दगड ओळखणारे हात आहेत. ज्या आजोबांनीं हातोड्यानें खडी फोडून या प्रांताचे रस्ते केले, त्यांची नातवंडें आज उन्हांत पायांस चिंध्या बांधून, उकळत्या डांबराचे चटके खाऊन, रोजावर राबतात. पक्के बूट नाहींत, हातमोजे नाहींत, मुकादमाच्या वहींत नीट नांव नाहीं. त्यांस शिकवा, त्यांस कायम करा. रस्ताही राहील आणि चूलही पेटेल.

कोणी विचारील, एवढा पैसा आणायचा कोठून? अहो, पैसा आपण देतच आलों आहों. १८६९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड घेत, तो रस्त्यांसाठीं आणि शाळांसाठीं म्हणून. पुढें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं रस्त्यांची कमिटी बसली, आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागें दोन आणे रस्ताफंडासाठीं काढले. आजही डिझेलच्या दरांत रस्त्यांचा उपकर आहे. शेतांत नांगरटीला जाळलेल्या डिझेलवरही तो आपण भरतों, जरी नांगर रस्त्यावरून चालत नाहीं! तेव्हां रस्ता ही कोणाची मेहेरबानी नव्हे. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नांव कोणाचेंही असो, खालची खडी तुमच्या पैशाची आहे.

आणि चांगला रस्ता करतां येत नाहीं, अशीही सबब चालणार नाहीं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ सालीं तयार झाला, तो रेकॉन्डो नांवाच्या कंपनीनें दहा वर्षांची हमी देऊन केला, आणि दहा सोडा, पुढें कित्येक दशकें तो टिकला. आपल्या विदर्भांत अमरावती ते अकोला या हमरस्त्यावर २०२२ च्या जूनांत ७५ किलोमीटर लांबीचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून जगांत विक्रम केला. पांच दिवसांत ७५ किलोमीटर! आणि आमचा शिवेपासून गांवापर्यंतचा तीन किलोमीटर रस्ता किती वर्षांत होतो तें तुम्हीच मोजा. हात तेच, डांबर तेंच, देशही तोच. फरक एवढाच कीं तेथें मोजणारे लोक पाहत होते, आणि येथें कोणी पाहत नाहीं.

म्हणून पाहायला शिका. महात्मा ज्योतिराव फुले यांनीं स्वतः सरकारी बांधकामांचीं कंत्राटें घेतलीं होतीं. कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचें धरण या कामांशीं त्यांचा संबंध होता. कागदावर काय असतें आणि जमिनीवर काय असतें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांच्या नांवाचा जयजयकार करणारांनीं निदान आपल्या गांवच्या रस्त्याचा कागद एकदां वाचूं नये काय?

तो कसा वाचावा, तेंही सांगतों. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० सालच्या डिसेंबरांत सुरू झाली. तिच्या रस्त्यावर कंत्राटदारानें पांच वर्षें दुरुस्ती करायची असते, तें त्याच्या करारांतच असतें. रस्त्याच्या तोंडाशीं फलक असतो. त्यावर खर्च, थर आणि मुदत लिहिलेली असते. ती तारीख घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. मुदतींत खड्डा पडला तर तो बुजवणें हें उपकाराचें काम नव्हे, कराराचें काम आहे. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक आणि मोजमापाचें पुस्तक मागतां येतें, तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. याच कायद्यांत काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे रस्त्यावरचा डांबरी माल नमुना म्हणून मागून घ्या आणि त्यांत शेंकडा किती डांबर आहे तें तपासून घ्या. मुंबई हायकोर्टानें २०१५ सालीं सांगितलें आहे कीं, चांगला, खड्डे नसलेला रस्ता हा घटनेच्या २१ व्या कलमांतल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचा हक्क शहरांत एक आणि खेड्यांत दुसरा असा नसतो.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. गांवठाणांत नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडून काढावा, आणि रस्त्याची उंची घरांच्या उंबऱ्याखालींच राहावी. खरवडलेला माल गांवाच्याच रस्त्यांत पुन्हा घालावा, तो कंत्राटदाराच्या खळ्यावर जाऊं नये. गटार झाल्याशिवाय डांबराचें बिल निघूं नये. रस्त्यावर कायमचा राखणदार असावा. आणि काम चालू असतां मोजपट्टी घेऊन उभें राहण्यास गांवच्या दोन माणसांस, त्यांतली एक बाई, ग्रामसभेनें नेमावें. यासाठीं नवा कायदा नको, नवी कमिटी नको.

ही वेळही तीच आहे. ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरांत मंजूर झाला. देशभर २५,००० वस्त्यांसाठीं ६२,५०० किलोमीटर रस्ते त्यांत व्हावयाचे आहेत. २०२८-२९ पर्यंत त्याची मुदत आहे. त्यांतला एखादा रस्ता तुमच्याही दारावरून जाईल. तो दारावरून जाईल कीं दारांत शिरेल, हें ठरविणें अजून तुमच्या हातीं आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या वेळीं नारळ फोडण्यास मंडळी येतील तेव्हां हार घेऊन जाऊं नका, फूटपट्टी घेऊन जा. आधीं उंबऱ्यापासून रस्त्याची उंची मोजा आणि चारचौघांत विचारा, "साहेब, काम झाल्यावर ही किती राहणार?" या एका प्रश्नाचें उत्तर लेखी मिळेपर्यंत नारळ फुटूं देऊं नका. आमच्या आळींतला तो कुंभार आतां चाकावर पुन्हा बसला आहे. त्याची माती पुन्हा वाहून जाऊं नये एवढी काळजी गांवानें घेतली तरी आजच्या लेखाचें सार्थक झालें.